पाउलेता : पोर्तुगालच्या पहिल्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला नऊ नंबर

सुबाभूळ

रोनाल्डोने पोर्तुगालकडून सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला तो ५ मार्च २०१४ ला, लेयरियाच्या मैदानावर, कॅमेरूनविरुद्ध. त्याआधी तो विक्रम कुणाच्या नावावर होता असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी साठच्या दशकातल्या युसेबियोचं नाव येतं. विक्रम होता पाउलेताचा, नऊ नंबरच्या म्हणजे गोल करणं हेच काम असलेल्या स्ट्रायकरचा. ८८ सामने, ४७ गोल.

पूर्ण नाव पेद्रू मिगेल कारेयरू रेझेंदेश. जन्म २८ एप्रिल १९७३, पोंता देलगादा, साव मिगेल बेट, अझोर्स. लिस्बनच्या पश्चिमेला अटलांटिकात जवळजवळ दीड हजार किलोमीटरवर हा द्वीपसमूह आहे. तिथलं घड्याळसुद्धा लिस्बनच्या एक तास मागे चालतं.

धागा काढायचं कारण सांगतो. हा माणूस पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये उभ्या आयुष्यात एकदाही उतरला नाही. बेनफिका, पोर्तू, स्पोर्टिंग या तिथल्या मोठ्या क्लबांपैकी कुणाकडूनच नाही. किशोरवयात पोर्तूच्या युवा संघात गेला होता, पण घरच्या ओढीने बेटावर परतला. मग सांता क्लारा, ओपेरारियू, आंग्रेन्स, उनियाव मिकाएलेन्स असे बेटांवरचेच क्लब. पुढे मुख्य भूमीवर एस्तोरिलकडून एक हंगाम, तोही दुसऱ्या श्रेणीत. १९९६ ला, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सीमेपलीकडे स्पेनमधल्या सालामांकाला गेला आणि पुढची बारा वर्षं त्याची सगळी व्यावसायिक कारकीर्द परदेशात झाली.

त्याच्या पिढीतल्या बाकीच्यांचं काय चाललं होतं ते बघा. ३० जून १९९१ ला लिस्बनच्या लुझ मैदानावर लाखाहून जास्त लोकांसमोर फिगो, रुई कोस्ता, जुआंव पिंतो या मंडळींनी ब्राझीलला पेनल्टींवर हरवून युवा विश्वचषक जिंकला. 'सुवर्ण पिढी' म्हणतात ती हीच. पाउलेता तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि त्या संघाच्या आसपासही नव्हता.

सालामांकाच्या पहिल्याच हंगामात त्याने स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत १९ गोल केले. त्या लीगमध्ये सर्वाधिक. संघ वरच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी ला लीगात १५ गोल. मग देपोर्तिवो ला कोरुन्या, आणि २००० सालचं ला लीगाचं विजेतेपद. तिथून फ्रान्समधला बोर्दो क्लब. नांतच्या मैदानावर पहिलाच सामना, ५-० ने विजय, त्यात याची हॅटट्रिक. तो नांतचा संघ लेचापेचा नव्हता, त्याच हंगामाच्या शेवटी फ्रान्सचा विजेता झाला. २००१-०२ मध्ये २२ गोल करून जिब्रिल सिसेच्या बरोबरीने लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. २००२ आणि २००३, लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधला सर्वोत्तम खेळाडू. २००३ ला पॅरिस सँ जर्मेनमध्ये आला, २११ सामन्यांत १०९ गोल केले आणि २००८ ला निवृत्त झाला.

त्या काळात पोर्तुगालबद्दल एकच रडगाणं सगळीकडे ऐकू यायचं: मधली फळी सोन्यासारखी, पण गोल करायला माणूस नाही. माणूस होता. दर आठवड्याला फ्रान्समध्ये गोल करत होता. त्याच्याभोवती खेळ कसा रचायचा हे राष्ट्रीय संघाला कधी नीट जमलं नाही असं माझं ठाम मत आहे. तुमची मतं, आठवणी, विरोध, सगळं लिहा.

जुना_राखणदार

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. या माणसावर मराठीत कुणी सविस्तर लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

१० जून २००२ चा पोलंडविरुद्धचा विश्वचषकाचा सामना मी पाहिलाय. कोरियातलं जोंजू शहर, आपल्याकडे संध्याकाळी पाचला सुरू झाला होता. तिथे पाऊस नुसता कोसळत होता. अमेरिकेकडून ३-२ हरल्यामुळे पोर्तुगालची नाचक्की झालेली, हा सामना जिंकणं भागच होतं. पाउलेताने तीन गोल मारले, चौथा रुई कोस्ताचा. ४-०. ओल्या मैदानावर पोलंडच्या बचावपटूंना वळायला वेळ लागत होता आणि हा प्रत्येक वेळी त्यांच्या आधी वळत होता. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं छोटी छोटी, आणि फटका मारायच्या आधी फक्त एक स्पर्श.

चार दिवसांनी कोरियाकडून १-० ने हरून पोर्तुगाल घरी गेलं, दोन खेळाडूंना लाल कार्डं दाखवली गेली, आणि त्या गोंधळात ही हॅटट्रिक लोकांच्या लक्षातून पुसली गेली. विश्वचषकात हॅटट्रिक करणारा युसेबियोनंतरचा हा पहिला पोर्तुगीज. युसेबियोने १९६६ ला उत्तर कोरियाविरुद्ध चार मारले होते.

आकडेमोड

लेख आवडला, पण दुसरी बाजूही मांडतो.

४७ गोलांची फोड करून बघा. नोव्हेंबर २००३ मध्ये लेयरियाला कुवेतविरुद्ध ८-० चा मैत्रीपूर्ण सामना झाला, त्यात एकट्या पाउलेताचे चार. २००६ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ११ गोल, युरोपात सर्वाधिक. पण त्या गटात लिख्टेनस्टाइन, लक्झेंबर्ग, लाटविया, एस्टोनिया हे संघ होते. युसेबियोचा ४१ गोलांचा विक्रम मोडला तोही १२ ऑक्टोबर २००५ ला पोर्तूमध्ये, लाटवियाविरुद्ध.

युसेबियोने ४१ गोल ६४ सामन्यांत केले, त्यातले ९ एकट्या १९६६ च्या विश्वचषकात. पाउलेताचे विश्वचषकातले गोल चार: तीन पोलंडविरुद्ध, एक २००६ मध्ये अंगोलाविरुद्ध. आणि २००४ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, घरच्या मैदानांवर, घरच्या प्रेक्षकांसमोर. तिथे शून्य. स्पेनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात मध्यंतराला त्याला काढून नुनो गोमेशला आणलं आणि विजयी गोल नुनो गोमेशने केला. मोठ्या स्पर्धेत गोल करणं हेच स्ट्रायकरचं काम ना? लोक त्याला विसरले त्याचं कारण इथे आहे.

सुबाभूळ

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मला पटत नाही.

पात्रता फेरीत लक्झेंबर्ग आणि लिख्टेनस्टाइन सगळ्यांच्याच वाट्याला येतात. युरोपातल्या बाकी स्ट्रायकरांच्या गटांतही असे संघ होतेच, तरी ११ चा आकडा त्याचाच. शिवाय त्या गटात रशियाही होता, स्लोवाकियाही होता, आणि पोर्तुगालने गट जिंकला.

२००४ बद्दल. फिगो, डेको, रुई कोस्ता, पोरसवदा रोनाल्डो, या सगळ्यांना चेंडू पायात हवा असायचा. पाउलेता चेंडूशिवाय पळणारा खेळाडू. बचावपटूच्या पाठीमागून जवळच्या खांबाकडे झेप घ्यायची आणि तिथे चेंडू लवकर, पहिल्या संधीला यायला हवा, अशी त्याची रीत. बोर्दोमध्ये तो तसा यायचा. पोर्तुगालच्या संघात कडेचा खेळाडू आधी एकाला चकवणार, मग दुसऱ्याला, मग आत वळणार. तोवर पाउलेताची धाव संपलेली असायची आणि दोन बचावपटू त्याच्या अंगावर आलेले असायचे. अंगोलाविरुद्धचा गोल आठवा. चौथं मिनिट. फिगो कडेने सरळ सुटला, चेंडू लगेच आडवा दिला, पाउलेता जागेवर हजर. सगळं किती सोपं दिसतं! असं दर सामन्यात दोनदा झालं असतं तर आज आपण वेगळी चर्चा करत असतो.

मांडवीकाठ

आमच्याकडे गोव्यात २००४ च्या पोर्तुगाल-ग्रीस युरो फायनलची रात्र अजून लोकांच्या ध्यानात आहे. आपल्या वेळेने मध्यरात्र उलटून सव्वाबाराला सामना सुरू झाला. वाड्यावर एका घरी टीव्ही बाहेर व्हरांड्यात काढून ठेवला होता, पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे जागे. सगळेच पोर्तुगालच्या बाजूचे होते असंही नाही. काही जण इतिहासामुळे मुद्दाम ग्रीसच्या बाजूने बसलेले, आणि त्यावरून घरातल्या घरात वाद.

ग्रीसच्या खारिस्तेआसचा हेडर आत गेला ५७ व्या मिनिटाला. त्यानंतर पुरता अर्धा तास पोर्तुगाल आदळत राहिलं आणि एक दार उघडेना. ७४ व्या मिनिटाला पोर्तुगालचा प्रशिक्षक स्कोलारीने पाउलेताला बाहेर काढलं. माझे एक काका, जे स्वतः तरुणपणी गावच्या संघात फॉरवर्ड खेळायचे, ते तेव्हा जे बोलले ते मला पटलं होतं: ग्रीसच्या बॉक्समध्ये पोर्तुगालचे आधीच इतके लोक घुसलेत की स्ट्रायकरला हलायला जागाच उरलेली नाही, मग त्याला काढा नाहीतर ठेवा, काय फरक पडतो.

म्हणून सुबाभूळ यांच्याशी सहमत. पण आकडेमोड यांचा मुद्दाही खोडून निघत नाही. घरच्या स्पर्धेत शून्य म्हणजे शून्य, आणि ते त्याला स्वतःलाही लागलं असणार.

फणसपोळी

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण वाचतेय आणि गुंतलेय. दोन प्रश्न. एक, एवढे गोल करणारा मुलगा तेविसाव्या वर्षापर्यंत मोठ्या क्लबांच्या नजरेतून सुटला कसा? आणि दुसरा, पॅरिसमध्ये त्याला लोक कसे वागवायचे? परका म्हणून की आपला म्हणून?

सेन_किनारी

फणसपोळी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. मी गेली अनेक वर्षं पॅरिसमध्ये राहते.

या शहरात पोर्तुगीज माणूस कुठे भेटतो ते आधी सांगायला हवं. साठच्या दशकात पोर्तुगालमधली सालाझारची हुकूमशाही, आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या युद्धासाठी होणारी सक्तीची भरती आणि गावाकडची गरिबी यांना कंटाळून लाखो लोक डोंगरवाटांनी, बरेचसे बिनापरवाना, फ्रान्समध्ये आले. पॅरिसच्या पूर्वेला शाँपिन्यी इथे चिखलात पत्र्याच्या नि फळ्यांच्या झोपड्यांची भलीमोठी वस्ती होती, तिथे हजारो पोर्तुगीज राहायचे. पुरुष बांधकामावर, बायका घरकामाला किंवा इमारतींच्या राखणदार म्हणून. आजही जुन्या इमारतींत तळमजल्यावरच्या चिमुकल्या खोलीत राहणारी, टपाल वाटणारी, जिना पुसणारी बाई बऱ्याचदा पोर्तुगीज असते.

मी आले तेव्हा आमच्या इमारतीतही अशाच एक बाई होत्या. त्यांच्या खोलीच्या काचेच्या दारावर आतून जाळीचा पडदा असायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात टाचणीने लावलेलं पाउलेताचं वर्तमानपत्रातलं चित्र: दोन्ही हात पसरून गरुडासारखा धावणारा. गोल केल्यावर तो तसंच धावायचा, 'अझोर्सचा गरुड' हे नाव त्याला इथेच मिळालं. बाईंचा मुलगा पॅरिसमध्येच जन्मलेला, फ्रेंच बोलणारा, पॅरिस सँ जर्मेनचा भक्त. आई उत्तर पोर्तुगालच्या खेड्यातली, फुटबॉलशी तिला फारसं देणंघेणं नाही. पण तो क्लब आणि तो देश एकाच माणसाच्या अंगावर दिसत होता, त्यामुळे मायलेक दोघं एकाच माणसासाठी टीव्हीसमोर बसायचे. त्या बाई मला म्हणाल्या होत्या की शाळेत त्यांच्या मुलाला 'राखणदारणीचा पोरगा' म्हणून चिडवायचे, आणि पाउलेता कप्तान झाल्यापासून तो स्वतःहून सांगायला लागला, आम्ही पोर्तुगीज.

तेव्हा परका की आपला, याचं उत्तर पॅरिसपुरतं तरी असं आहे की निम्म्या स्टेडियमला तो आधीपासूनच आपला होता.

जुना_राखणदार

सेन_किनारी, फार सुंदर लिहिलंत. हे सगळं आम्हाला टीव्हीवर कधी दिसलं नसतं.

त्यात भर घालतो. तो पॅरिसमध्ये होता तो काळ या क्लबचा पडता काळ होता, हे नव्या प्रेक्षकांना सांगायला हवं. कतारचा पैसा आला २०११ नंतर. २००३ ला रोनाल्डिन्यो बार्सिलोनाला गेला आणि पाउलेता आला. पहिलं वर्ष झकास गेलं, प्रशिक्षक हलिलहोजिचच्या हाताखाली लीगमध्ये दुसरा क्रमांक आणि फ्रेंच चषक. अंतिम सामन्यात शातोरूविरुद्ध १-०, गोल पाउलेताचा. त्यानंतर मात्र घसरगुंडी. प्रशिक्षक बदलत राहिले, प्रेक्षकांच्या गटांमध्ये हाणामाऱ्या.

२००५-०६ : पॅरिस नवव्या स्थानावर, लीगमध्ये सर्वाधिक गोल पाउलेताचे, २१.
२००६-०७ : पॅरिस पंधराव्या स्थानावर, लीगमध्ये सर्वाधिक गोल पाउलेताचे, १५.

वीस संघांत पंधरावा आलेला संघ, आणि गोलांच्या यादीत पहिला त्याच संघाचा माणूस! हे मी माझ्या पाहण्यात दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. २००७-०८ ला तर क्लब सोळावा आला. अखेरच्या दिवशी सोशोच्या मैदानावर पॅरिसच्या अमारा दियानेने दोन गोल मारले म्हणून दुसऱ्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. त्याच मोसमात लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लाँसविरुद्ध पहिला गोल पाउलेताचा होता, २-१ ने जिंकले. म्हणजे जाता जाताही एक करंडक देऊन गेला.

डावखुरा

देपोर्तिवोबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तिथे त्याची खरी परीक्षा झाली आणि ती तो पास झाला नाही असंच मी म्हणेन.

१९९९-२००० ला स्ट्रायकर रॉय माकाय आला. त्याने पहिल्याच हंगामात २२ गोल केले. प्रशिक्षक इरुरेता एकच स्ट्रायकर पुढे ठेवायचा, मागे जाल्मिन्यासारखा कलाकार. ती एक जागा माकायची. पाउलेता बाकावरून येऊन उपयोगी गोल करायचा, पण संघाचा पहिला माणूस तो नव्हता. १९९४ ला शेवटच्या सामन्यात जुकिचची पेनल्टी अडली आणि देपोर्तिवोचं विजेतेपद हुकलं, ती जखम शहराला सहा वर्षं छळत होती. १९ मे २००० ला घरच्या रियाझोर मैदानावर एस्पान्योलला २-० हरवून ती भरली. गोल दोनातोचा आणि माकायचा. पाउलेताच्या गळ्यात पदक पडलं, पण उत्सव दुसऱ्यांच्या गोलांचा होता.

त्यानंतर त्याने जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विजेत्या संघात राहून पगार घेत बाकावर बसणं सोपं होतं, चॅम्पियन्स लीगही समोर होती. हा उठून बोर्दोला गेला, जिथे त्याला दर आठवड्याला खेळायला मिळणार होतं. सत्ताविसाव्या वर्षी घेतलेला तो निर्णय चुकला असता तर आज हा धागा नसता. फ्रान्सच्या लीगमध्ये पुढे त्याचे एकूण १४१ गोल झाले.

फणसपोळी

डावखुरा, हे छान सांगितलंत. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच राहिलाय. :)

सुबाभूळ

फणसपोळी, प्रयत्न करतो.

अझोर्समध्ये नऊ बेटं आहेत. एका बेटावरून दुसऱ्यावर सामना खेळायला जायचं तर विमान नाहीतर बोट, आणि हवा बिघडली की दोन्ही बंद. मुख्य भूमीवरच्या क्लबांचे लोक खेळाडू हेरायला गाडी काढून शेजारच्या जिल्ह्यात जातील, पण तिसऱ्या श्रेणीतला सामना बघायला समुद्र ओलांडून कोण येणार? पोर्तुगालच्या पहिल्या श्रेणीत अझोर्सचा पहिला संघ, सांता क्लारा, पोचला १९९९ मध्ये. तोवर पाउलेता देपोर्तिवोत होता. म्हणजे त्याच्या उमेदीच्या वर्षांत त्याच्या बेटांवरचा एकही क्लब लिस्बन-पोर्तूच्या मोठ्या संघांशी लीगमध्ये खेळत नव्हता. त्याला बघण्याची संधीच कुणाला नव्हती.

आणि एकदा संधी आली तेव्हा पोरगा घराच्या आठवणीने परत आला. क्लबांच्या वहीत अशा मुलापुढे काट मारली जाते. ती काट पुन्हा कुणी पुसली नाही, एवढीच गोष्ट.

आकडेमोड

आधी केलेल्या टीकेवर मी कायम आहे, पण या चर्चेवरून एक गोष्ट लक्षात आली ती नोंदवतो.

पोर्तुगालचा गोलांचा विक्रम आधी युसेबियोकडे, मग पाउलेताकडे, मग रोनाल्डोकडे. युसेबियो मोझांबिकचा, लॉरेन्सो मार्केसमध्ये म्हणजे आजच्या मापुतोमध्ये जन्मलेला. पाउलेता अझोर्सचा. रोनाल्डो मदेरा बेटाचा, फुंशालचा. तिघांपैकी एकाचाही जन्म पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर झालेला नाही. साठ वर्षांहून जास्त काळ त्या देशाचे गोल समुद्रापलीकडून येत आहेत. आणि २०१६ ची युरो फायनल? पॅरिसच्या वेशीवर, फ्रान्सविरुद्ध, १०९ व्या मिनिटाला गोल मारणारा एडेर आफ्रिकेतल्या बिसाऊत जन्मलेला, आणि तेव्हा फ्रान्समध्येच लीलकडून खेळत होता.

युसेबियो आणि रोनाल्डो यांना निदान लिस्बनच्या मोठ्या क्लबांनी कोवळ्या वयात उचललं. पाउलेताला तेही मिळालं नाही. सुबाभूळ यांच्या मुद्द्याला यातून बळ मिळतं हे मान्य करावं लागेल.

बोस्टनकर_वहिनी

अझोर्सचा विषय निघालाय तर इकडची बाजू. मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड ही दोन गावं अझोर्सच्या लोकांनी भरलेली आहेत. आधी व्हेल मासेमारीच्या जहाजांवरून आले, नंतर कापडगिरण्यांत. १९५७-५८ ला फायाल बेटावर कापेलिन्योस ज्वालामुखी फुटला, शेतं-घरं राखेखाली गेली. तेव्हा अमेरिकेने खास कायदा करून तिथल्या लोकांना घेतलं. तो कायदा पुढे रेटणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी होते.

आम्ही फॉल रिव्हरला जातो ते तिथल्या बेकरीतल्या गोड पावासाठी. अंडी-दूध घातलेला, वरून तुकतुकीत तपकिरी, गोल. २००६ च्या विश्वचषकात त्या बेकरीच्या काउंटरमागे दोन शर्ट टांगलेले होते, फिगोचा आणि पाउलेताचा. मी विचारलं तर दुकानदार आजोबा म्हणाले, फिगो देशाचा आणि हा आमचा. त्यांच्या लेखी साव मिगेल सोडून परदेशी जाऊन नाव काढणं यात नवल काही नव्हतं, त्यांच्या घरातल्या प्रत्येकानेच देश सोडलेला. त्यांना अप्रूप होतं ते तो सुट्टी मिळाली की बेटावर परत येतो याचं. पुढे निवृत्तीनंतर त्याने तिथेच मुलांसाठी फुटबॉल शाळा चालवली.

मांडवीकाठ

वहिनी, हे वाचून बरं वाटलं. गोव्यातल्या माणसाला परदेशी गेलेल्यांची गावाकडची ओढ वेगळी समजवावी लागत नाही.

पोर्तुगीज फॉरवर्ड परदेशात, या विषयाला धरून एक ताजी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्रचे खेळाडू फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आले. रोनाल्डो येणार म्हणून अख्खा गोवा डोळे लावून बसला होता, तो आला नाही. एफसी गोवाची पोरं मात्र जिद्दीने खेळली, २-१ ने हरली. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा स्टेडियममध्ये जो आवाज झाला त्यात रोनाल्डो आला नाही याचं दुःख कुणाला राहिलं नसेल.

तांबडी_माती

मी कोल्हापुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. सगळ्यांना मेस्सीसारखं चकवायचं असतं, रोनाल्डोसारखी फ्री किक मारायची असते. मी फॉरवर्ड पोरांना मुद्दाम पाउलेताच्या चित्रफिती दाखवतो, कारण त्याचं जे चांगलं आहे ते शिकता येतं.

काय बघायचं ते सांगतो. क्रॉस येण्याआधीची दोन सेकंदं बघा, चेंडू नका बघू. तो आधी लांबच्या खांबाकडे दोन पावलं टाकतो. बचावपटूचं वजन तिकडच्या पायावर जातं. मग हा त्याच्या पुढून, छातीसमोरून, जवळच्या खांबाकडे सुटतो. एक हात मागे हलकेच, बचावपटू नेमका कुठे आहे ते चाचपायला. चेंडूला पायाची आतली बाजू नुसती लावायची, जोर क्रॉसमध्येच असतो. पोरांना हे दिवसभर करायला लावलं तर आठवडाभरात फरक दिसतो.

आणि मग शेवटी त्यांना २००४ चा मार्सेविरुद्धचा गोल दाखवतो, जो शिकवता येत नाही. गोलरेषेजवळ, बाजूला, इतक्या अरुंद कोनात की तिथून पास हाच एक मार्ग. समोर फाबियँ बार्थेझ, विश्वविजेता गोलकीपर, जवळचा खांब झाकून उभा. पाउलेताने चेंडू त्याच्या डोक्यावरून उचलला आणि तो पलीकडे जाळ्यात उतरला. पोरं एकदम गप्प होतात आणि मग 'सर, परत लावा'.

डावखुरा

तांबडी_माती, तुमच्या पोरांचा हेवा वाटतो.

त्याच पॅरिस-मार्से वैरातली एक गोष्ट इथे यायलाच हवी. २००६ चा फ्रेंच चषकाचा अंतिम सामना, स्ताद द फ्रान्स, पॅरिस विरुद्ध मार्से. पॅरिसने २-१ ने जिंकला. पाउलेता त्या संघात होता, पण विजयी गोल लांबून मारला तो विकास धोरासूने. नाव वाचून कळलं असेल. मॉरिशसमार्गे फ्रान्सला गेलेल्या तेलुगू मुळांच्या कुटुंबातला मुलगा, नॉर्मंडीत जन्मलेला, फ्रान्सकडून विश्वचषक संघात निवडला गेलेला. अझोर्सचा एक आणि आंध्राकडच्या मुळांचा एक, दोघं मिळून पॅरिससाठी मार्सेला हरवतात, हे दृश्य मला अजून भारी वाटतं.

जुना_राखणदार

पॅरिसचा विक्रमही बघून टाकू. आधीचा विक्रमवीर रोशतोचे १०० गोल मागे टाकून पाउलेता १०९ वर थांबला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इब्राहिमोविचने तो मोडला, मार्सेविरुद्धच. मग कावानी, मग एम्बाप्पे. हे तिघंही अशा संघात खेळले जो जवळजवळ दर वर्षी लीग जिंकायचा, ज्याच्याकडे चेंडू सामन्यातला बहुतेक वेळ असायचा. पाउलेताचे बरेचसे गोल नवव्या, पंधराव्या, सोळाव्या क्रमांकाच्या संघातले आहेत. नुसती यादी वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

आता त्याच क्लबमध्ये वितिन्या, नुनो मेंडेश, जुआंव नेवेश, गोन्सालो रामोश असे चार-चार पोर्तुगीज. ३१ मे २०२५ ला या क्लबने म्युनिकमध्ये इटलीच्या इंटरला ५-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली.

सेन_किनारी

आणि त्या रात्री इथे शर्टांच्या गर्दीत पाठीवर पाउलेता लिहिलेले जुने, विटलेले शर्टही होते. मी स्वतः पाहिले.

फणसपोळी

सगळ्यांचे आभार. आता मला खरंच त्याचा खेळ बघायचाय. एकच पूर्ण सामना बघायचा तर कुठला?

सुबाभूळ

बहुतेक जण पोलंडचा सांगतील. मी नांत विरुद्ध बोर्दो, सप्टेंबर २००० सांगेन. नवा देश, नवी भाषा, नवे सोबती, परकं मैदान, आणि त्याला ओळखणारं स्टेडियममध्ये जवळजवळ कुणी नाही. त्याच्या तीनही गोलांमध्ये चेंडू कुणी, किती लवकर दिला ते बघा, मग २००४ ची फायनल बघा. आकडेमोड आणि माझ्यातला वाद त्यानंतर तुम्हीच सोडवा.